आई बसायला जाते

बुलडाणा,
४ ऑगस्ट २०२४

आत्या, पाया पडते.

एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही. लिहायलाही लाज वाटते, कारण उत्तरं देण्याचाच मला पगार मिळतो.

परवा साखळीला आमच्या संस्थेचं 'ताण आणि आपण' हे शिबिर होतं. बचत गटाच्या तीसेक बाया आल्या होत्या. मी फळ्यावर माणूस काढला, ताण कुठे कुठे साठतो ते खुणा करून दाखवलं आणि सगळ्यांना डोळे मिटून दहा लांब श्वास घ्यायला लावले. सातव्या श्वासाला मागून पुष्पाबाई म्हणून एक जण बोलली. तिचा सासरा तीन वर्षांपासून खाटेवर आहे. ती म्हणाली, "मॅडम, मी इथी श्वास घेऊन राह्यली, तं तिथी म्हाताऱ्याले कोन उचलून राह्यलं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग त्या हसायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत बसल्या. मी म्हटलं, प्रश्न फार चांगला आहे, आणि चहा मागवला.

हे फोनवर सांगितलं असतं, पण तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर लिहिलं तर तुझ्या आधी सूनबाई वाचते, असं तूच म्हणतेस. त्यापेक्षा कागद बरा. मध्येच कुणी बोलत नाही.

खरं लिहायचं आहे ते आईबद्दल. बाबांची उजवी बाजू आणि वाचा जाऊन सव्वा वर्ष झालं. त्यांना कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं हे सगळं ती एकटी करते. मी शनिवारी जाते आणि रविवारी परत येते, म्हणजे पाहुणीच. कुलदीप पुण्याहून रोज फोन करतो आणि रोज तेच विचारतो, "बाबा कसे आहेत?" आई म्हणते, "तसेच." झालं. या सव्वा वर्षात ती एकदाही रडलेली मी पाहिली नाही. माझ्या पुस्तकात ही चांगली खूण नाही.

आणि आता तिला नवीनच खूळ लागलं आहे. कुठे कुणी वारलं की ती बसायला जाते. नात्यातलं, ओळखीचं असेल तर समजू शकते. पण ती कुणाच्याही घरी जाते. आपल्या भिंतीपलीकडचे शालिग्रामकाका दिवसभर पारावर बसून पंचक्रोशीतल्या मयतीच्या बातम्या गोळा करतात आणि भिंतीवरून आईला पोचवतात. बातमी ऐकली की आई निघालीच.

काल शनिवारी चिखलीला आणि मेहकरला गाडी बदलून मी जानेफळला घरी पोचले, तर दाराला बाहेरून कडी. आत बाबा एकटे, डोळे छताला. मी ओरडायचीच बाकी होते. काकांनी भिंतीवरून सांगितलं की ती देऊळगावला गेली. चार वाजता आली. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. पातळ बदललं, तोंड धुतलं, बाबांना वळवलं आणि कणीक मळायला बसली. मळताना गुणगुणत होती, आत्या. मी विचारलं, कोण गेलं?

"एक म्हातारी."

आपली कोण?

"कोनी नाही. पन चांगली व्हती म्हनतात."

अक्षय्य तृतीयेपासून अशी अकरा घरं झाली. मी वहीत टिपून ठेवली आहेत. जिच्या घरात आजारी माणूस आहे, तिच्या मनात सतत मरण घोळत असेल तर ते कशाचं लक्षण आहे हे मला कळतं, पण तिला सांगायचं कसं हे कळत नाही. ती खचली तर आमचं घर खाली बसेल. बाबांना तिच्या हातचं सोडून कुणाच्या हातचं गिळवतही नाही. तू मोठी नणंद आहेस, तुझा शब्द ती मोडणार नाही. तिला दोन ओळी लिहून हे बंद कर.

तुझी,
संजीवनी


मलकापूर,
१३ ऑगस्ट

संजू पोरी, सुखी राह्य.

तुहं पत्र भेटलं. चश्मा पुसू पुसू दोनदा वाचलं. तुह्या बापानं शाळेत शाई सांडल्याबिगर एक ओळ लिहली नाही अन तुहं अक्षर कसं पाय, एका रांगेत. डोक्सं मात्र बापावरच गेलं.

रुखमी बसाले जाते तं जाऊ दे. त्यात वहीत काय लिहाचं? मी इचारतो त्याचं उत्तर दे. येऊन जेवते का? झोपते का? अर्जुनच्या पाठीले जखम हाय का? चैतात मी आठ दिवस राहून आली तवा नव्हती. सव्वा वर्ष खाटेवर मानूस अन पाठीले जखम नाही, हे तुह्या फळ्यावर लिव्ह अन बायाईले दाखव.

दार बाहेरून लावते ते मात्र बरं नाही. शालिग्रामले म्हना, आत येऊन बसत जा. तसाही भितीवरून अर्धा आतच असते.

मी तिले काही लिहत नसतो. काही गोष्टी कागदावर मांडाच्या नसतेत. तू बाई हायेस, आपसूक समजन.

इथी सारं बरं हाय. गाड्या जाऊन राह्यल्या. मले ऐकू येत नाही, पन मांडनीवरचे भांडे थरथरले का समजते, मुंबईची गेली.

तुही आत्या,
मनकर्णा


बुलडाणा,
२६ ऑगस्ट

आत्या, पाया पडते.

तुझं पत्र वाचून राग आला, खोटं कशाला बोलू? मी चार पानं लिहिली आणि तू विचारतेस की आई जेवते का. जेवते. झोपतेही. पाठीला जखम नाही. पण माणूस म्हणजे नुसती पाठ आहे का? 'आपसूक समजन' या दोन शब्दांवर आपल्या बायकांच्या किती पिढ्या गेल्या! आपसूक काही समजत नाही, म्हणून तर मी शिकले.

तू लिहीत नाहीस म्हटल्यावर मीच हालचाल केली. आधी शालिग्रामकाकांकडे गेले आणि हात जोडून सांगितलं की आईला मयतीच्या बातम्या देऊ नका, तिच्या मनावर परिणाम होतो. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मंग लोकाईलेही सांगून ये, मरू नका म्हना." पण शब्द पाळतात. गेले नऊ दिवस ते भिंतीवरून फक्त सोयाबीनवर बोलतात.

मग कुलदीपला सांगून आईला फोन करवला. त्याने तिला दुपारी मोबाईलवर भजनं ऐकायचा सल्ला दिला. ती 'बरं' म्हणाली आणि मोबाईल डब्यात ठेवून दिला.

तिसरं म्हणजे आईकडून आमच्या संस्थेचा तक्ता भरून घेतला. त्यात वीस प्रश्न असतात. चिडचिड होते का, जीव घाबरतो का, एकटं वाटतं का, प्रत्येकासमोर शून्य ते पाच. मी वाचत गेले आणि ती ज्वारी निवडत उत्तरं देत गेली. शून्य, शून्य, शून्य. शेवटी म्हणाली, "एवढे शून्य भेटले तं नापास झाली का मी?" या तक्त्याप्रमाणे आत्या, बुलडाणा जिल्ह्यात माझ्या आईइतकी सुखी बाई दुसरी नाही.

तरी एक सांगते. नऊ दिवसांत ती कुठेही गेलेली नाही. पोळ्याच्या तयारीला लागली आहे. थोडी गप्प असते, पण ते चालायचंच, सवय मोडताना जड जातं. बाबाच जरा चिडचिडे झालेत. त्यांना आता थंडी वाजत असावी, कारण आई समोर आली की डाव्या हाताने खुंटीवरच्या शालीकडे बोट दाखवतात. मी शाल काढून अंगावर घालते, तर ओढून फेकून देतात आणि पुन्हा खुंटीकडेच बोट. काल चार वेळा हेच झालं. मीही शेवटी वैतागले आणि म्हटलं, बाबा, एक काय ते ठरवा.

तू रागावली नसशील तर लिही. रागावली असशील तरी लिही.

संजीवनी


बुलडाणा,
१६ सप्टेंबर

आत्या,

तुझं उत्तर आलं नाही. मीही वाट बघत बसणार नव्हते, पण हे दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. कुलदीपलाही सांगितलेलं नाही.

महालक्ष्म्या नीट पार पडल्या. आईने सोळा भाज्या केल्या, आंबिल केली, कशातही कमी ठेवलं नाही. मी दोन दिवसांची रजा काढून गेले होते आणि परत आले. परवा शनिवारी पुन्हा गेले. ओसरीत पाय ठेवला आणि आतून आवाज आला. भांड्याचा नव्हे.

आईने बाबांच्या तोंडात मारली होती.

कसं झालं ते नंतर तिनेच तुटक सांगितलं. ती वरण-भात भरवत होती. ते तोंड फिरवत होते आणि बोट खुंटीकडे. तिने तीनदा तोंड आपल्याकडे वळवलं, चौथ्यांदा त्यांनी घास थुंकला, आणि तिचा हात उठला. मी दारात पोचले तेव्हा त्यांच्या छातीवर वरण सांडलेलं होतं आणि गालावर बोटं. ती ताट धरून उभी होती. मला पाहून म्हणाली, "झालं माह्या हातानं. आता कोनाले फोन करतं ते कर."

मी काय केलं असेल? ऐक आणि मला जोड्याने मार. मी तिचे खांदे धरले आणि म्हटलं, आई, आधी एक लांब श्वास घे.

ती म्हणाली, "श्वास घेऊनच राह्यली ना वं मी. नाही तं मेली नसती का?"

मग तिने बाबांची छाती पुसली, सदरा बदलला आणि उरलेला भात भरवला. ते मुकाट जेवले. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. ती तेव्हाही रडली नाही. संध्याकाळी परसात गेले तर ती भाताचा धुतलेलाच गंज राखेने घासत होती.

आत्या, बारावीला मी कॉलेजचं नाव काढलं तेव्हा बाबा म्हणाले होते, शिक, आपल्या घरात एक तरी समजदार पाहिजे. मी पदवी घेतली, तक्ते भरायला शिकले, आणि मी ओसरीत असताना आत माझ्या आईचा हात उठला. मी तिचं खूळ बंद केलं, म्हणजे तिला बरं वाटायला पाहिजे होतं. माझं काय चुकलं? या वेळी उत्तर दे. 'आपसूक' लिहू नकोस.

संजीवनी


मलकापूर,
२१ सप्टेंबर

संजू,

माह्या मोतीबिंदूचं आपरेशन झालं म्हनून लिहलं नव्हतं. डाक्टरनं अजून वाचाले मना केलं हाय. सूनबाई सयपाकात हाय तवरक लिहतो. वाकडंतिकडं लागलं तं लावून घेजो.

चूक माही बी हाय. मले वाटलं तुले समजन. तुले पुस्तकात हे शिकवलं नसन, अन रुखमी मेली तरी तुले सांगनार नाही. तं मांडतो कागदावर.

जित्या मानसाच्या नावानं घरात रडत नसतेत. तो खाटेवर हाय, त्याचे डोये उघडे हायेत, कान शाबूत हायेत. त्याच्या उशाले बाईनं पदर डोयाले लावला तं तो काय समजन? का आपलं आटोपलं. अन शेजारीन समजन का गेला. घरात रडलं का मरन दार पाहून ठेवते म्हनतेत. खोटं असन, पन कोन पाह्यलं करून? तं मंग बाईनं रडावं कोठी? वावरात गेली तं लोक पाह्यतेत. न्हानीत रडली तं खाटेवर ऐकू जाते.

मयतीच्या घरी कोनी इचारत नाही. तिथी गयाले पडून हेल काढला तं उलट म्हनतेत, बाई मायाळू हाय. कोनाच्या नावानं रडून राह्यली हे कोन मोजते? तिथी साऱ्याच आपापलं घेऊन आलेल्या असतेत.

आमचे मालक, तुहे मामाजी, चार साल खाटेवर व्हते. मी मलकापुरातले किती घरं फिरली, माह्याजवय वही नाही. कापसाच्या दलालाची माय मेली, मी तिचं तोंडही पाह्यलं नव्हतं, अन तिच्या सुनेपक्षा मी जादा रडली. तिची सून घाबरली, म्हने ह्या बाईचं आमच्याकडे काय राह्यलं? अन मामाजी गेले त्या दिवशी मले एक टिपूस आला नाही. सरलं व्हतं. लोकाईनं नावं ठेवली. ठेवू दे.

तू तिचं खूळ बंद नाही केलं पोरी. तू मोरी बुजवली. मंग पानी घरातच फिरन ना?

अन तुह्या बापाले थंडी नाही वाजत. चैतात मी आली तवा रुखमीनं माह्या समोर एक पातय त्या खुटीवर टांगलं. लोकाईले दिसू नये म्हनून वरून शाल. ते तिचं बसाले जायचं पातय हाय. तुहा बाप तिले सांगून राह्यला, जाऊन ये. सव्वा वर्षात त्याले एकच गोष्ट सांगाची व्हती, अन तू त्याच्या अंगावर शाल टाकून राह्यली.

डोयात पानी आलं, आता डाक्टर बोलन. बंद करतो.

मनकर्णा


जानेफळ,
१० नोव्हेंबर

आत्या, पाया पडते.

दीड महिना लिहिलं नाही. लिहिण्याआधी करायला पाहिजे होतं.

तुझं पत्र मिळालं त्या शनिवारी घरी गेले आणि आधी खुंटीवरची शाल उचलली. खाली मातकट रंगाचं पातळ होतं, पदराच्या गाठीत सुपारी आणि जाण्यायेण्याची चिल्लर. दर वेळी मी त्याच्यावरची शाल काढत होते आणि मला ते दिसत नव्हतं. शिकलेली माणसं कशी आंधळी असतात हे तू स्पष्ट लिहिलं नाहीस, ते तुझे उपकार.

आईला मी काही बोलले नाही. भिंतीपाशी गेले आणि शालिग्रामकाकांना म्हटलं, काका, बातम्या सुरू करा. ते म्हणाले, "काऊन, बंदी उठली का? दीड महिन्याचा साठा हाय, पह्यल्यापासून सांगू का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरून हाक दिली. उटीचे उत्तमराव गेले. आई चुलीजवळ होती, तिने ऐकलं आणि मान खाली घालून भाकरी थापत राहिली. बाबांचा डावा हात वर गेला, खुंटीकडे. या वेळी मी शाल बाजूला केली आणि पातळ काढून आईच्या हातात दिलं.

ती म्हणाली, "तू काऊन देऊन राह्यली?"

"बाबा देऊन राह्यले," मी म्हटलं.

तिने बाबांकडे पाहिलं. महालक्ष्म्यांनंतर पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांनी हात खाली घेतला. मग ती माझ्यावर डाफरली, बाबांना कोण वळवणार, तुला काय येतं, मागच्या वेळी चादर ओढून त्यांचा दंड सोलला होतास. खरं होतं. तेव्हा जाण्याआधी तिने मला शिकवलं. जुनं धोतर चौपदरी करून कमरेखाली सरकवायचं, आपला गुडघा खाटेला टेकवायचा, हातांनी न उचलता आपलं अंग मागे टाकायचं. चार वेळा करून घेतलं. माझ्या शिबिरात मी इतकी चोख शिकवत नाही.

ती तीन तासांनी आली. आवाज बसलेला, डोळे लाल. दोन भाकरी खाल्ल्या. उत्तमरावांचं आणि आपलं बांधावरून वीस वर्षं भांडण होतं आणि ती त्यांना चोर म्हणायची, हे मला आठवत होतं. मी गप्प राहिले. सोपं नव्हतं. तीच शेवटी म्हणाली, "मानूस तसा वाईट नव्हता." इतकं चिडवणारं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही, पण ऐकून घेतलं.

ऑक्टोबरमध्ये चार बुधवार मी साखळीला गेले, तक्ते न घेता. पुष्पाबाईला म्हटलं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून येत नाही, पण दोन तास मी उचलते, तुम्ही कुठे जायचं ते जा. तिचा विश्वास बसेना. आधी माझ्याकडून सासऱ्याला दोनदा वळवून पाहिलं, धोतराची घडी बघितली आणि विचारलं, "हे कोन शिकवलं?" मी म्हटलं, आमच्या आईने. तेव्हा कुठे चपला घातल्या. कुठे गेली ते मी विचारलं नाही. संस्थेत साहेबांनी विचारलं, या चार दिवसांचा अहवाल कसा लिहायचा? मी म्हटलं, मलाही माहीत नाही. ते अजून रागावलेले आहेत.

शिबिरं सोडलेली नाहीत. दहा श्वासांचंही मी सोडणार नाही, बाबांना वळवताना मला ते कामाला येतात. पण मेहकर केंद्रावर बदली मागून घेतली आहे. प्रशिक्षक नाही, सर्वेक्षक. एक पायरी खालची जागा आहे आणि कुलदीप फोनवर म्हणाला की तू स्वतःचं नुकसान करतेस. मी त्याला दिवाळीच्या सुट्टीत धोतराची घडी शिकवली. दुसऱ्या दिवशी कंबर धरून पुण्याला गेला. आता फोनवर 'बाबा कसे आहेत' विचारत नाही, 'आज किती वेळा वळवलं' विचारतो. तेवढं तरी झालं.

एक तारखेपासून मी घरी राहते. सकाळी आणि संध्याकाळी आई, सुट्टीच्या दिवशी मी. मधल्या दुपारी शालिग्रामकाका आत येऊन बसतात, तू म्हणाली होतीस तसे. बाबांना सोयाबीनचे भाव सांगतात आणि ते डोळे मिटून घेतात.

आज रविवार आहे. वरवंडला कुणाची तरी मावशी गेली. आईला मी साडेबाराच्या गाडीत बसवून दिलं, पदराच्या गाठीत सुपारी आहे का ते बघून. बाबांना डाव्या कुशीवर वळवलं आहे आणि त्यांच्या खाटेवर पाय टेकवून हे लिहिते आहे. दाराची बाहेरची कडी मी शुक्रवारी सुताराकडून काढून टाकली.

तुझी,
संजीवनी